पणजीचा कॅमिओ ब्रूच: हस्तिदंत, प्लास्टिक की आणखी काही?

ताई, तुमचा प्रश्न वाचला, चारही फोटो मोठे करून बघितले. बाकीच्यांना संदर्भ लागेल म्हणून थोडक्यात सांगतो. ताई सातारा जिल्ह्यातल्या, त्यांचे पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले आणि परत येताना पणजीसाठी एक ब्रूच घेऊन आले. लंबगोल आकार, केशरी-तपकिरी तळ, त्यावर पांढऱ्यात कोरलेला बाईचा चेहरा, केसांत द्राक्षांचे घोस, भोवती चांदीची जाळीची चौकट आणि मागे ८०० असा शिक्का. एका सराफाने हा हस्तिदंत आहे म्हणून हात लावायला नकार दिला, दुसऱ्याने प्लास्टिक म्हणून बाजूला ठेवला आणि चांदीच्या वजनाचे पैसे देतो म्हणाला. उजेडासमोर धरल्यावर आत रेघा दिसतात, त्यामुळे तडकलाय की काय ही भीती. आणि लेकीच्या लग्नात त्याचं पेंडंट करून द्यायचंय.

मी पुण्यात जुन्या दागिन्यांची दुरुस्ती करतो, सोनाराच्या हाताखाली शिकलो आणि पुढे शंखावरचं कोरीवकामही हाताने शिकून घेतलं, त्यामुळे जे सांगतोय ते कामाच्या पाटावरून सांगतोय. फोटोवरून शंभर टक्के कुणीच सांगू शकत नाही, पण मागच्या बाजूचा फोटो तुम्ही उघडा काढलाय म्हणून बरंच कळतं. माझ्या मते हे हस्तिदंतही नाही आणि प्लास्टिकही नाही, हा शंख आहे. याला कॅमिओ म्हणतात, शंखावर हाताने कोरलेला.

पण खरं की खोटं हा तुमचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा आहे. त्याहून मोठा प्रश्न असा, की यात नेमकं चांगलं काय आहे आणि ते आपल्याच हाताने बिघडणार कसं नाही. किंमत, वय, त्या रेघा, पेंडंट करायचं की नाही, हे सगळं एकाच गोष्टीवरून ठरतं आणि ती म्हणजे शंखाचे थर. ते एकदा कळले की सराफ काय म्हणतो याची काळजी राहणार नाही, म्हणून आधी तिथून सुरुवात करतो, जरा लांबेल.

तुमच्या ब्रूचवर पांढरी बाई केशरी पाटीवर चिकटवलेली नाहीये. दोन्ही एकाच तुकड्यातले आहेत. समुद्रात मोठ्या शंखांचं एक कूळ आहे, त्यांना हेल्मेट शंख म्हणतात, त्यांचं कवच वेगवेगळ्या रंगांच्या थरांनी बनतं. वर खडबडीत, मळकट पिवळा-तपकिरी थर, त्याच्याखाली पांढरा आणि सगळ्यात आत रंगीत. कोरणारा माणूस वरचा थर उतरवतो, पांढऱ्यातून आकृती काढतो आणि आकृतीच्या भोवतीचं पांढरं पार काढून टाकून आतला रंग उघडा करतो. म्हणजे तुम्हाला जो केशरी तळ दिसतोय तो रंगवलेला नाही, तो शंखाच्या आतल्या बाजूचा थर आहे.

कुठला शंख यावर तळाचा रंग ठरतो. कॅसिस मॅडागास्करिएन्सिस नावाचा शंख आहे, नावात मादागास्कर असलं तरी तो मिळतो कॅरिबियन समुद्रात, त्याचा तळ गडद चॉकलेटी असतो आणि इटलीतले कारागीर त्याला सार्डोनिका म्हणतात. दुसरा सिप्रीकॅसिस रुफा, हा मोझांबिक, मादागास्कर, झांझिबार या बाजूच्या समुद्रातून येतो, त्याचा तळ केशरी ते विटकरी, आणि त्याला ते कोर्निओला म्हणतात. तिसरा गुलाबी असतो, तो क्वीन कॉन्च नावाच्या शंखाचा, दिसायला फार गोड पण उन्हात ठेवला की रंग उडतो. तुमचा रंग बघता कोर्निओला असण्याची शक्यता जास्त आहे. फोटोत पिवळ्या दिव्याचा उजेड आहे म्हणून जास्त म्हणतोय, दिवसा खिडकीजवळ फोटो काढलात तर मी ठाम सांगू शकेन.

आता हे कोरतात कसं. शंखाची पाठ, म्हणजे जो फुगीर घुमट असतो तो करवतीने कापून वेगळा करतात. मग त्या घुमटावर पेन्सिलीने लंबगोल आखतात आणि इथेच अर्ध्याहून जास्त अक्कल लागते, कारण शंखाला किड्यांनी पाडलेली भोकं असतात, कुठे पांढरा थर पातळ असतो, कुठे रंगाचा डाग, कुठे जुना तडा, हे सगळं चुकवून एका शंखातून मोठे चांगले तुकडे अगदी मोजके निघतात, बाकी अंगठी-कानातल्यांपुरते लहान. ते तुकडे कापून कडेने घासून आकारात आणले की एका लाकडी दांडीच्या टोकाला राळेने चिकटवतात. राळ आचेवर मऊ करायची, तुकडा दाबून बसवायचा, गार झाली की पक्का. दांडी डाव्या हातात धरून हवी तशी फिरवता येते आणि उजव्या हातात कोरणी.

ही कोरणी ढकलायची असते, हातोडीने ठोकायची नाही. तळहाताने जोर द्यायचा आणि अंगठा टेकवून तो जोर आवरायचा. शंख म्हणजे ॲरॅगोनाइट, चुन्याच्या जातीचं खनिज, त्याची कठीणता मोह्सच्या एक ते दहाच्या मापात साधारण साडेतीन ते चार, त्यामुळे चांगलं पोलाद त्यात शिरतं पण अंगठ्याचा टेकू जरा हलला की नाकाचा शेंडा गेला, आणि गेलेलं नाक परत येत नाही. सुरुवातीला रुंद कोरणीने आकृतीबाहेरचं पांढरं काढतात. तळ जवळ आला की पांढऱ्याचा रंग बदलायला लागतो, कोर्निओलात तो केशर घातलेल्या दुधासारखा होतो, तिथून पुढे अगदी हलक्या हाताने जायचं, कारण रंगीत थरही काही जाड नसतो. मग बारीक कोरण्या, पापणी, नाकपुडी, ओठांची कड, आणि केसांच्या रेघा सर्वात शेवटी. शेवटी प्यूमिस या ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाची बारीक पूड तेलात कालवून लाकडी काडीने घासतात, साबणाने धुतात, तेलाचा हात देतात. (कुणाला हे वाचून घरी शंख घासावासा वाटला तर तोंडाला मास्क बांधा आणि ओलं ठेवून घासा, शंखाची कोरडी धूळ फुफ्फुसाला फार वाईट.)

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो आणि तुम्ही ती तुमच्या ब्रूचवर स्वतः बघा. चांगला कारागीर पांढऱ्या थराची जाडी कमी-जास्त करून छटा आणतो. कपाळ, गाल, खांदा इथे पांढरं जाड ठेवतो म्हणून ते ठळक दिसतं, आणि ओढणी, पान, केसांची बट अशा ठिकाणी इतकं पातळ करतो की खालचा केशरी रंग वर झिरपतो. रंग एक थेंबही न लावता तीन-चार छटा मिळतात. शंखाच्या पाठीवर जे गुठळीसारखे उंचवटे असतात त्यांचाही उपयोग करतात, उंचवटा जिथे येईल तिथे केसांचा अंबाडा किंवा खांदा बसवतात म्हणजे तेवढा जास्तीचा उठाव फुकट मिळतो. चेहरा आधी ठरवून शंखावर लादता येत नाही, शंख बघून चेहरा ठरवावा लागतो. तुमच्या तिसऱ्या फोटोत कानाजवळचं द्राक्षाचं पान बघा, त्याची बाहेरची कड केशरी झाक मारतेय आणि देठाजवळ पांढरं आहे. हे साच्यातून होत नाही, आणि घाईघाईत कोरणाराही करत नाही.

ही कला आली कुठून, तर दगडातून. प्राचीन काळात अलेक्झांड्रिया आणि रोममध्ये सार्डोनिक्स, अकीक अशा थर असलेल्या दगडांवर कॅमिओ कोरत. नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयात ताझ्झा फार्नेसे नावाची वाटी आहे, व्हिएन्नाला जेम्मा ऑगस्टिया नावाचा कॅमिओ आहे, दोन्ही दगडातले. आपल्याकडे मुघल दरबारातही दगडावरचे कॅमिओ झाले, शाहजहान सिंह मारतोय असा एक पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. पण अकीकाची कठीणता साडेसहा-सात, त्यात पोलाद शिरत नाही, चाक फिरवत त्यावर तेल आणि कठीण पूड घालून कण-कण झिजवावं लागतं, महिनोन्‌महिने. शंखात तेच काम दिवसांत होतं. म्हणून प्रबोधनकाळात इटलीत शंखावर हात बसवायला सुरुवात झाली आणि खरी भरभराट झाली ती १९व्या शतकात. नेपोलियनला कॅमिओंची फार हौस, १८०४ च्या राज्याभिषेकाच्या मुकुटात त्याने कॅमिओ बसवून घेतले, त्याच्या मागोमाग युरोपातल्या मोठ्या घरांना वेड लागलं. इटली बघायला येणारे इंग्रज रोममध्ये स्वतःचा चेहरा शंखावर कोरून घेऊन जायचे. तिथे तोम्मासो साउलिनी आणि त्याचा मुलगा लुइजी यांचं नाव फार मोठं होतं, त्यांची सही असलेला तुकडा आजही लोक वेगळ्या नजरेने बघतात. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तर कॅमिओ ब्रूच मध्यमवर्गापर्यंत पोचला, कारण शंख स्वस्त आणि हलका, मोठा ब्रूच लावला तरी कपडा खाली ओढला जात नाही.

पुढे हे काम रोमपेक्षा तोर्रे देल ग्रेको या गावात एकवटलं. नेपल्सच्या दक्षिणेला, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याशी समुद्रकाठचं गाव. १७९४ च्या उद्रेकात लाव्ह्याने याचा बराच भाग गाडला गेला होता तरी लोक तिथेच परत उभे राहिले. हे मूळचे समुद्रातून पोवळं काढणारे. १८०५ मध्ये मार्टिन नावाच्या माणसाने नेपल्सच्या राजाकडून परवाना घेऊन तिथे पोवळ्याचा कारखाना काढला, १८७८ मध्ये कोरीवकाम शिकवणारी शाळा निघाली. पोवळं कोरणारे हात शंखावरही चालले आणि आज जगात शंखाच्या कॅमिओचं मुख्य गाव तेच. आणि आपला याच्याशी अगदीच संबंध नाही असं नाही बरं का, आपल्या सराफकट्ट्यावर मंगळासाठी घ्यायला गेलं की सराफ जे इटालियन पोवळं म्हणून पुढे करतो, त्याचं घाट-पॉलिश होऊन हिंदुस्थानात यायचा जुना रस्ता याच गावातून. पोवळं आपल्या घराघरात पोचलं पण कॅमिओ पोचला नाही, तो इथे आला तो पारशी घरांतून, गोऱ्या साहेबांच्या सामानातून आणि परदेशी जाऊन आलेल्या मोजक्या लोकांबरोबर. आपल्या गावाकडच्या सराफाने आयुष्यात एकही बघितलेला नसेल, त्यामुळे त्याला ओळखता आला नाही यात त्याचा दोष नाही. पांढरी कोरीव वस्तू म्हटलं की हस्तिदंत हेच आधी डोक्यात येतं.

तुमच्या पणजोबांची गोष्टही मला जुळती वाटते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी १९४३ ते १९४५ इटलीत होत्या, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले ते इटलीतल्याच लढायांत. ऑक्टोबर १९४३ मध्ये नेपल्स दोस्त राष्ट्रांच्या हातात आलं आणि पुढची दोन वर्षं ते शहर सैनिकांनी भरलेलं होतं. रजेवर आलेला सैनिक घरच्या बाईसाठी काय घेणार, तर खिशात मावेल, हलकं असेल आणि त्याच गावची ओळख असेल असं काहीतरी, आणि ते म्हणजे कॅमिओ. पण एक लक्षात घ्या, विकत घेतल्याचं साल आणि बनल्याचं साल एक असेलच असं नाही. दुकानात जुना माल पडून असतो, आणि युद्धात पोटासाठी लोकांनी घरातले जुने दागिनेही विकले.

बनल्याचं साल बघायला चेहऱ्याआधी पाठ बघायची. तुमच्या ब्रूचच्या पिनेला फिरवून बंद होणारी कडी आहे, साधा उघडा आकडा नाही. उघडा आकडा आणि चौकटीच्या बाहेर डोकावणारी लांब पिन असेल तर बहुतेक वेळा ती वस्तू १९व्या शतकातली किंवा त्या जुन्या वळणाची. फिरणारी कडी २०व्या शतकात रुळली. ८०० म्हणजे हजारात आठशे भाग चांदी, इटलीत ही चांदी फार वापरात होती. इंग्लंडमधून आलेला सोन्याचा कॅमिओ कुणाकडे असेल आणि त्यावर १५ कॅरेटचा शिक्का असेल तर तो १९३२ च्या आधीचा, कारण तिथे तो दर्जा तेव्हा बंद झाला. चौकट नंतर बदललेली असू शकते, हे मात्र नेहमी धरून चालायचं. केसात द्राक्षं असलेली बाई म्हणजे बॅकान्टे, मद्याचा देव बॅकस याच्या भक्तिणींपैकी एक. हा विषय व्हिक्टोरियाच्या काळापासून पुढे सतत कोरला गेलाय, त्यामुळे त्यावरून साल ठरत नाही. सगळं मिळून तुमचा ब्रूच २०व्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातला, युद्धाच्या आसपासचा, असं मी म्हणेन.

आता खरा-खोटा तपासायचं कसं, हे तुम्ही घरी करू शकता. आधी मागची बाजू. शंख गोल असतो म्हणून मागून तुकडा किंचित खोलगट असतो आणि पुढून फुगीर, बोट फिरवलं की कळतं. मागून सपाट असेल तर शंका घ्या, पण खोलगट आहे म्हणजे खराच असंही नाही कारण आता साचेही तसे करतात. मग उजेड, मोबाईलचा टॉर्च मागून लावा. शंखातून उजेड आरपार येतो, तळ मधासारखा चमकतो आणि आकृती सावलीसारखी दिसते, जिथे पांढरं जाड तिथे जास्त काळी. मग भिंग, सराफाचं दहापट दाखवणारं मिळालं तर उत्तम. आकृतीची कड जिथे तळाला मिळते तिथे बघा. हाताने कोरलेल्यात तिथे कोरणीच्या बारीक रेघा, छोटे सपाट फटके दिसतात, आणि कडा धारदार असतात. प्लास्टिकमध्ये कडा गोलसर, जणू वितळल्यासारख्या, क्वचित आत हवेचा बुडबुडा किंवा साच्याची शिवण. चिकटवलेला असेल तर पांढरं आणि केशरी यांच्यामध्ये गोंदाची सलग रेघ दिसते, तुमच्या फोटोत ती मला कुठेच दिसली नाही. ओठाला लावून बघा, शंख गार लागतो, प्लास्टिक लगेच कोमट. वजनावर फार भरवसा ठेवू नका, कारण शंखाची पूड घालून केलेले जड नकली तुकडेही फिरतात.

हस्तिदंत असता तर दोन रंगांचे थर नसते, आणि कापलेल्या कडेवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक वक्र रेघांची जाळी दिसली असती. त्यामुळे त्या सराफाला निर्धास्तपणे सांगा.

दोन गोष्टी कुणी सुचवल्या तरी करू नका. एक, तापलेली सुई टोचून बघणे. दुसरी, लिंबाचा थेंब टाकून फेस येतो का बघणे. फेस येतो, कारण शंख म्हणजे चुन्याचाच प्रकार, पण ज्या जागी थेंब पडला तिथलं कोरीवकाम विरघळून गेलं. परीक्षा पास झाली आणि वस्तू गेली, असलं शहाणपण काय कामाचं.

आता त्या रेघा, ज्याने तुमची झोप उडालीय. दोन प्रकारच्या रेघा असतात. शंख वाढताना थर चढत जातो, त्याच्या वाढीच्या रेघा आत राहतात, त्या समांतर, किंचित वळणाच्या असतात, फक्त मागून उजेड टाकल्यावर दिसतात आणि नखाला लागत नाहीत. त्या असणं ही उलट खात्रीची खूण. दुसरा खरा तडा. तो बहुतेक कडेपासून आत जातो, समोरूनही दिसतो, त्यात मळ बसून काळपट होतो आणि नख हळूच आडवं फिरवलं की अडकतं. तुमच्या चौथ्या फोटोतल्या मधल्या सगळ्या रेघा मला वाढीच्या वाटतात. हनुवटीच्या खाली कडेला एक छोटी आहे, तिच्याबद्दल नक्की सांगता येत नाही, ती चौकटीच्या दाताखालूनच, म्हणजे शंखाला धरून ठेवणाऱ्या चांदीच्या आकड्याखालूनच सुरू होतेय. तिथे नख फिरवून बघा. तडा असला तरी तो केसाएवढा आणि स्थिर असेल तर तसाच ठेवतात, त्यात गोंद भरायला जाऊ नका, कडक होणारा गोंद आणखी ओढ घेतो आणि पिवळा पडतो.

किमतीचं बोलतो. चांदीच्या वजनाने कॅमिओ विकणं म्हणजे सगळ्यात चांगला भाग फुकट देणं. चौकट ही यातली सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट आहे. बघणारा आधी कोरीवकाम बघतो, मग तडे, मग आकार आणि विषय, मग चौकट आणि सही. दुसऱ्या बाजूने हेही स्पष्ट सांगतो, युद्धाच्या काळात सैनिकांसाठी असे तुकडे भरपूर बनले, त्यामुळे लाखांची अपेक्षा ठेवू नका. तुमचा त्या गर्दीतला वरचा वाटतो, पापणीची वरची कड वेगळी कोरलीय, द्राक्षाचे मणी एकेक सुटे आहेत आणि नाक-ओठांत घाई नाही. आकडा मी फोटोवरून देणार नाही, प्रत्यक्ष भिंगाखाली बघितल्याशिवाय दिलेला आकडा कुणाच्याच उपयोगाचा नाही. विकायचा किंवा परदेशी पाठवायचा विचार आलाच तर आधी नियम विचारून घ्या, कारण आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हेल्मेट शंखांपैकी काही जाती, त्यात तुमचा रुफाही, संरक्षित आहेत. आणि याच कारणाने कुणी किनाऱ्यावरच्या दुकानातून असा शंख आणून कोरायला घेऊ नका.

सफाईचं मला सगळ्यात जास्त भय वाटतं, कारण माझ्याकडे येणारे बिघडलेले कॅमिओ बहुतेक सफाईत बिघडलेले असतात. सोन्या-चांदीला आपण जे जे करतो ते याला चालत नाही. चिंच, लिंबू, व्हिनेगर, रिठ्याचं पाणी, खायचा सोडा, टूथपेस्ट, चांदी उजळायचं लिक्विड, सराफाकडचं अल्ट्रासोनिक मशीन, वाफ, यातलं काहीही नको. आंबट पदार्थ शंख खातात आणि पूड घासली की पातळ कोरलेल्या कडा गुळगुळीत होतात. कोमट पाणी, त्यात अगदी सौम्य साबणाचा एक थेंब, लहान मुलाचा मऊ ब्रश, हलक्या हाताने, लगेच स्वच्छ पाण्याचा ओला बोळा फिरवून सुती कपड्याने टिपून कोरडा करा, पाण्यात बुडवून ठेवू नका. पूर्ण वाळल्यावर कापसाने बेबी ऑइलचा अगदी पुसट हात द्या आणि थोड्या वेळाने पुसून टाका, रंग परत उठून दिसतो. खोबरेल नको, खवट होऊन खाचांत बसतं. घालताना अत्तर-स्प्रे आधी, ब्रूच नंतर.

ठेवायची जागाही बघा. लाकडी पेटी आणि पुठ्ठ्याच्या डब्यात आम्लाची वाफ साचते आणि वर्षानुवर्षांनी शंखावर पांढरी भुकटी धरते, संग्रहालयातल्या शंखांनाही हाच त्रास होतो. जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, रबर आणि फोम जवळ नको कारण त्याने चांदी काळी पडते. आणि बाकीच्या दागिन्यांत मोकळा टाकू नका, हिऱ्याची एक अंगठी घासली की चेहऱ्यावर ओरखडा.

राहिलं पेंडंट. गावातला सोनार म्हणेल पिन काढतो आणि वर कडी डागतो, पाच मिनिटांचं काम. शंख चौकटीत असताना झाळ दिली तर आचेने तो पांढुरका होऊन तडकतो, आणि नंतर चांदी साफ करायला तेजाबात बुडवला तर उरलासुरला पण जातो. शंख चौकटीतून काढायचा म्हटलं तर जुने दात उघडावे लागतात, ते परत वाकवताना एखादा तुटतो किंवा शंखाच्या कडेवर जोर येतो, आणि तुमच्याकडे हनुवटीखाली नेमकी तीच शंकेची जागा आहे. म्हणून माझं मत, काहीही डागू नका आणि पिनही काढू नका, पणजोबांनी आणला तसाच राहू दे. इटलीतल्या त्या काळच्या चांदीच्या ब्रूचमध्ये बऱ्याचदा वरच्या बाजूला मागे एक छोटी कडी दुमडून ठेवलेली असते, मळात दबली की दिसत नाही. मागच्या फोटोत बरोबर वर मला तसंच काहीतरी दिसतंय. टूथपिकने हलकेच उचलून बघा, जोर लावू नका, अडली असेल तर तेलाचा थेंब टाकून एक रात्र थांबा. ती निघाली तर साखळी ओवली की पेंडंट तयार. नाहीच निघाली तर पिनेवर सरकवायची कडी असलेली छोटी नळी मिळते, चांदीत कुठलाही सोनार वेगळी करून देईल, ब्रूचला हातही न लावता. लग्नात साडीवर लावायचा झाला तर पदराच्या एकाच थरात न लावता आतून कापडाची छोटी घडी ठेवून लावा, नाहीतर रेशीम फाटतं. ती कडी निघाली का आणि हनुवटीखाली नख अडकलं का, एवढं बघून कळवा, दिवसाउजेडी काढलेला मागचा फोटोही टाका.